खालची पाच मुलं

ज्योत्स्ना रायबोलेला पहिली शिसारी आली ती एका बेरजेच्या खेळामुळे.

राजापेठेतल्या भाड्याच्या खोलीत कॉटवर मांडी घालून ती मोबाइलवर सहावीच्या मुलांसाठी गणिताचं एक अ‍ॅप तपासत होती. तीन उदाहरणं सोडवली की पत्त्यांच्या जुगाराची जाहिरात यायची, आणि ती बंद करायची फुली इतकी बारीक, की बोट हमखास जाहिरातीवरच पडायचं. ते तिनं काढून टाकलं. दुसरं अ‍ॅप बाराखडी शिकवायचं, त्यात ‘ण’ला बाणाचं चित्र होतं आणि चित्राखाली ‘बान’ लिहिलेलं होतं. तिसरं मुलाची जन्मतारीख, आईचा नंबर आणि घराचं ठिकाण घेतल्याशिवाय पहिलं पानसुद्धा उघडू देईना. तिनं वहीत दोन रकाने आखले होते, एक ठेवण्यासारख्या साधनांचा आणि एक फेकण्यासारख्या. पाच दिवसांत सतरा साधनं पाहून झाली आणि पहिला रकाना कोराच होता.

हे सगळं बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाचं काम. ‘अध्यापनात ऑनलाइन साधनांचा वापर’ असं त्याचं नाव. शिकाऊ शिक्षकाला काही महिने एखाद्या शाळेत शिकवायला पाठवतात, त्याला आंतरवासिता म्हणतात. त्या शाळेत पाच साधनं वापरायची, फोटो काढायचे आणि जाडजूड फाईल द्यायची. ज्योत्स्नाच्या खोलीत राहणाऱ्या प्राजक्तानं ते एका दुपारी उरकलं. कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटरच्या दुकानात मागच्या वर्षाच्या फायली तयार मिळत. नाव, शाळा आणि फोटो बदलले की झालं. प्राजक्ताला त्यात काही वावगं वाटलं नाही. ती म्हणाली, तपासणारे फक्त पानं मोजतात, तू कशाला डोळे फोडतेस? ज्योत्स्नाला त्या दुकानाचाही वीट आला होता आणि पानं मोजणाऱ्यांचाही, पण प्राजक्ता सकाळचा चहा करून द्यायची, तिच्याशी भांडून कसं चालेल.

ज्योत्स्ना मूर्तिजापूरची. वडील डोमाजी छोट्या गाडीच्या, म्हणजे नॅरोगेज रेल्वेच्या, लाइनवर गँगमन होते. गाडी बंद पडायच्या आधीच ते निवृत्त झाले. आई पंचफुला अंगणवाडीत मदतनीस. घरात पदवीपर्यंत पोचलेली ज्योत्स्ना पहिली, आणि तीही मराठी विषय घेऊन, पहिल्या वर्गात. पण बी.एड.च्या पहिल्याच महिन्यात ती वर्गापुढे बोलायला उभी राहिली आणि तोंडातून ‘मले असं वाटते’ निघून गेलं. प्राध्यापक नुसते हसले. मागच्या बाकांवरून मात्र कोणीतरी ‘मले, मले’ करत राहिलं. त्या दिवसापासून तिनं जीभ घासायला काढली. बातम्या सांगणाऱ्या बायकांचे व्हिडिओ लावून ती त्यांच्यामागून बोलायची. वऱ्हाडी बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो, डोळ्याचा डोया आणि शाळेची शाया; तो ‘ळ’ तिनं पोळ्या लाटताना शेकडो वेळा म्हटला. वर्षभरात तिची बोली अशी धुऊन निघाली, की मूर्तिजापूरच्या दुकानदारानं तिला विचारलं, ताई, तुम्ही बाहेरच्या का? तिला त्याचा आनंद झाला होता. पुढं याच आनंदाची तिला सगळ्यात जास्त किळस यायची होती.

आंतरवासितेची शाळा भातकुलीच्या पुढं, खारपाणपट्ट्यातल्या एका गावात होती. सकाळी राजापेठ स्टँडवरून एसटी धरायची, फाट्यावर उतरायचं आणि वीस मिनिटं चालायचं. मुख्याध्यापक पुंजाराम ढोके स्वभावानं वाईट नव्हते, पण शाळेतल्या स्मार्ट टीव्हीला त्यांनी फुलाफुलांच्या कापडाचं आवरण शिवून घेतलं होतं आणि ते फक्त पाहुणे आले की निघायचं. सहावीच्या वर्गात अठ्ठावीस मुलं होती. पहिल्या दिवशी ज्योत्स्नानं त्यांना गावाबद्दल काही सांगा म्हटलं, तेव्हा सगळ्यात आधी उठली आचल. बारीक चणीची, तेल लावून घट्ट दोन वेण्या घातलेली. गावच्या बोअरचं पाणी इतकं खारं, की पाहुण्यानं चहा प्यायला की तो साखरेऐवजी मीठ पडलं का विचारतो, इथून तिनं सुरुवात केली. आणि त्या पाण्यानं तिच्या मामाच्या लग्नातला वरणाचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, कसा नासला, मग वऱ्हाड कसं रुसलं, हे तिनं असं रंगवून सांगितलं, की शेजारच्या वर्गाचे सरही दारात येऊन उभे राहिले. तास संपला तरी तिचं वऱ्हाड जेवायला बसलं नव्हतं.

कॉलेजात ऑनलाइन साधनांचं काम विपुल सरांकडे होतं. वय तिशीच्या आतबाहेर, कडक इस्त्री, आणि प्रत्येक वाक्यात एकदा तरी ‘डेटा’. ज्योत्स्नाचा कोरा रकाना पाहून त्यांनी तिला ‘वाचनमिठू’ नावाचं अ‍ॅप दिलं. कुठल्या तरी मोठ्या शहरातल्या कंपनीनं ते केलं होतं आणि कॉलेज त्यांच्या प्रयोगात सामील झालं होतं. पडद्यावर उतारा यायचा, मुलानं तो मोठ्यानं वाचायचा, आणि एक हिरवा पोपट शंभरापैकी गुण सांगायचा. जाहिरात नाही, घराचं ठिकाण विचारणं नाही. ज्योत्स्नाला हायसं वाटलं. पहिल्या रकान्यात तिनं एक नाव लिहिलं.

टीव्हीचं आवरण निघालं. पोपट पाहून मुलं बाकांवर उभी राहिली. पियुष नावाच्या मुलानं पहिल्यांदा वाचलं, त्याला एक्केचाळीस मिळाले आणि पोपटानं पंख फडफडवले. चाळीसच्या खाली गेलं की पोपट काय करतो, हे ज्योत्स्नानं आधी पाहिलं नव्हतं. आचलनं वाचलं तेव्हा ते दिसलं. ती न अडखळता, वाक्य कळून वाचत होती, फक्त तिच्या तोंडी शाळेची शाया होत होती, जवळचं जवय, आणि ‘आम्ही’चं ‘आमी’. पडद्यावर एकोणीस आकडा आला. पोपटानं मान टाकली, त्याच्या डोळ्यांतून निळे थेंब गळू लागले आणि रडव्या बाईच्या आवाजात तो म्हणाला, अरेरे, पुन्हा प्रयत्न कर.

वर्ग हसला. आचलही थोडीशी हसली. तिनं पुन्हा वाचलं, या वेळी मोठ्यानं, कारण तिला वाटलं पोपटाला ऐकू आलं नाही. चौदा.

तेव्हा ज्योत्स्नानं काय करायला हवं होतं, हे तिला पुढं फार वेळा सुचलं. त्या दिवशी तिनं केलं ते इतकंच, की आचलला जवळ बोलावलं आणि जीभ टाळूला कशी लावायची ते दाखवलं. ‘ळ’ म्हण. शाळा. काळा. डोळा. अगदी प्रेमानं दाखवलं. अ‍ॅप रोज वर्गाची यादी करायचं, वरची नावं हिरवी, खालची लाल; ती यादी टीव्हीवर दिवसभर राहायची. ज्योत्स्नानं ती राहू दिली.

तीन आठवड्यांत वर्गाची सरासरी एकतीसवरून अठ्ठावन्नवर गेली. मुलांना पोपटाची खोड कळली होती. शब्द तोडून, नाकातून, जाहिरातीतल्या माणसासारखं वाचलं की तो खूश व्हायचा. अर्थ कळला नाही तरी चालायचं. एका मुलानं उलट्या क्रमानं ओळी वाचून साठ मिळवले. विपुल सरांना आलेख भलताच आवडला. ते स्वतः गाडी घेऊन शाळेत आले, ढोके सरांनी मुलांना टीव्हीपुढं हात वर करून उभं केलं, आणि कोणी काही विचारलेलं नसताना अठ्ठावीस हात वर झालेले फोटो निघाले. एका पोराचा हात खाली आला तर ढोके सरांनी तो पुन्हा वर करून दिला. फोटोत ज्योत्स्नाही हसलेली आहे.

खरं काय झालं ते तिला विज्ञानाच्या तासाला कळलं. तिनं साधा प्रश्न विचारला, पाणी खारं का होतं. या गावात हा प्रश्न विचारल्यावर वर्ग आवरता आवरू नये. पण कोणी तोंड उघडलं नाही. मुलं आधी एकमेकांकडे आणि मग टीव्हीवरच्या यादीकडे बघायला लागली. ज्योत्स्नानं आचलचं नाव घेतलं. तेव्हा कोणीतरी सांगितलं, मॅडम, थे चार दिवसांपासून येतच नाही. हजेरीपट रोज तिच्याच हातात होता. चार दिवस तिनं गैरहजरीच्या खुणा केल्या होत्या आणि तिच्या लक्षात आलं नव्हतं, कारण यादीतल्या लाल नावांकडे बघायचं तिनं केव्हाच सोडलं होतं.

शाळा सुटल्यावर ती आचलच्या घरी गेली. दोन खोल्या, पुढं टिनाचं छप्पर, दारात कापसाच्या वाळक्या पऱ्हाटीचा भारा. आई दुर्गाबाई नुकतीच वेचणीवरून आली होती, लुगड्याला कापसाचे धागे चिकटलेले. तिनं लगबगीनं प्लास्टिकची खुर्ची पुसून दिली. आचल आत होती, बाहेर आली नाही. ताप आहे का, कोणी मारलं का, असं ज्योत्स्ना विचारत राहिली. दुर्गाबाई नाही म्हणत होती आणि सांगू की नको असं तिच्या तोंडावर दिसत होतं. शेवटी ती बोलली.

“मॅडम, राग नोका मानू. थे घरात बी बोलत नाही आता. मी बोलली का कानावर हात ठेवते. मले म्हणते, आई, तुयं सारं चुकते. शायेत पालकाच्या मिटिंगले येऊ नोको, म्हणते. तुले पाहून तो पोपट रडन.”

हे सांगताना दुर्गाबाई हसायचा प्रयत्न करत होती. मग पदरानं हातावरचे कापसाचे तंतू पुसत तिनं विचारलं, “खरंच आमचं बोलनं इतलं खराब हाय का, मॅडम?”

ज्योत्स्नाला त्या खुर्चीवर बसवेना. ती काहीबाही बोलली, तसं नाही, मशीनची चूक आहे, आणि निघाली. फाट्याकडे चालताना तिला एक दुपार आठवली. बी.एड.च्या प्रवेशाला वडील बरोबर आले होते. खिडकीशी पोचायच्या आधी तिनं त्यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, बाबा, तुम्ही काही बोलू नका, मी बोलते. डोमाजी दोन तास कागदांची पिशवी छातीशी धरून उभे राहिले आणि एक शब्द बोलले नाहीत. कारकुनानं त्यांना नाव विचारलं, तेव्हाही त्यांनी आधी लेकीकडे पाहिलं होतं. ज्योत्स्ना रस्त्याच्या कडेला वाकली. ओकारी आली नाही, नुसतं आंबट पाणी तोंडात आलं. तिला पोपटाची किळस आली होती असं म्हणणं सोपं आहे. तिला स्वतःच्या जिभेची किळस आली होती.

दुसऱ्या दिवशी ती लवकर शाळेत गेली. कोणी यायच्या आत तिनं अ‍ॅप उघडलं आणि तोच उतारा, मूर्तिजापूरला घरी बोलते तसा वाचला. सव्वीस. मग बातम्यांतल्या बाईसारखा वाचला. त्र्याण्णव. मग मोबाइल टेबलावर ठेवून ती गप्प बसली. वर जुना पंखा कुरकुरत होता. पोपट मान तिरपी करून ऐकत राहिला आणि वेळ संपल्यावर त्यानं पंख फडफडवले. पंख्याला बावन्न मिळाले होते. आचलला एकोणीस.

तिनं ते तीनदा करून पाहिलं, प्रत्येक वेळी पडद्याचा फोटो काढला, आणि दुपारी थेट कॉलेजात जाऊन ते विपुल सरांपुढं ठेवले. तिला वाटलं होतं, ते हादरतील. ते फोटो पाहून मोकळेपणानं हसले. म्हणाले, सुरुवातीला प्रत्येक साधनात असं असतं, कंपनीला कळवू. मग त्यांनी तिचा आलेख उघडला आणि पेन्सिलनं खालच्या नावांवर टकटक केलं. पुढच्या महिन्यात अकोल्याला शिक्षकांची कार्यशाळा होती, तिथं हा प्रयोग मांडायचा होता. सरासरी अठ्ठावन्न बरी होती, पण साठाच्या वर गेली असती तर बरं दिसलं असतं.

“हे खालचे पाच गाळून टाक,” ते म्हणाले. “नियमित नव्हते असं लिही. सहासष्ट येते, मी काढून पाहिली.”

त्यांच्या आवाजात लबाडी नव्हती, याचीच ज्योत्स्नाला जास्त भीती वाटली. भाजीतला खडा काढावा तसं ते सांगत होते. त्या पाचांत आचल होती, वीटभट्टीवरच्या कुटुंबातली दोन भावंडं होती, एक तोतरा मुलगा होता आणि एक मेळघाटातून आजोळी राहायला आलेली मुलगी. ज्योत्स्ना म्हणाली, मी गाळणार नाही. विपुल सर म्हणाले, बरं, राहू दे, आणि पुढच्या मुलीला बोलावलं. गुणांचा तक्ता त्यांच्याकडे होताच.

तिनं वर्गातून वाचनमिठू काढून टाकला. ढोके सरांनी कारण विचारलं तेव्हा तिनं पंख्याचा फोटो दाखवला. त्यांनी बराच वेळ चष्मा खालीवर करून तो पाहिला, आणि मग टीव्हीवर आवरण घालताना पुटपुटले की बरं झालं, लाइटबिलही वाचेल. पाचच्या पाच साधनं भरायची होती, म्हणून ज्योत्स्नानं मोबाइलमध्ये आधीपासून असलेला साधा आवाज रेकॉर्ड करायचा बटनवाला प्रकार घेतला. तो गुण देत नव्हता, रडत नव्हता. मुलांनी जे हवं ते बोलायचं, मग सगळ्यांनी ते ऐकायचं, जसं बोललं तसं वहीत लिहायचं, आणि त्याच्या शेजारी तेच पुस्तकाच्या भाषेत लिहायचं. दोन्ही बरोबर, असं तिनं फळ्यावर लिहून टाकलं. पहिले तीन दिवस मुलं रेकॉर्डरपुढंही नाकातूनच बोलली. तो नाकातला आवाज परत ऐकताना ज्योत्स्नाला घशात बोट घातल्यासारखं व्हायचं. तो तिचाच आवाज होता, तिनं शिकवलेला.

आचलला दुर्गाबाईनं हाताला धरून आणून सोडलं. ती शेवटच्या बाकावर बसली आणि आठवडाभर काही बोलली नाही. ज्योत्स्नानं तिला आग्रह केला नाही. माफी मागायची म्हणून तिनं एकदा वर्गापुढं सांगितलं, की पोपट चुकला होता आणि मॅडमही चुकल्या होत्या. मुलांनी ऐकून घेतलं. मोठ्या माणसांची माफी मुलांना कुठं ठेवावी कळत नाही, तशी ती खाली पडून राहिली.

मग एका दुपारी पियुष रेकॉर्डरपुढं गावात टँकर आला त्या दिवसाची गोष्ट सांगत होता. टँकर सोमवारी आला, दोन होते, आणि ड्रायव्हरला त्याच्या काकांनी बोलावून आणलं, असं तो ऐटीत सांगत होता. मागून आवाज आला.

“थे दोन नोयते. येकच होता. अन् तुया काकानं नाही आनला, बाया गेलत्या पंचायतीत. मायी आई होती त्याइच्यात.”

पियुषनं वळून पाहिलं आणि म्हणाला, तुले काय माहीत. त्यावर आचल उठून पुढं आली, कोण कोण बाया होत्या, सरपंच कुठं दडून बसला, गोदाबाईनं घागर टेबलावर कशी आपटली, हे सगळं तिनं एका दमात सांगितलं. ती रागावलेली होती. रेकॉर्डर चालू आहे याचं तिला भान नव्हतं. वर्ग हळूहळू पेटला, चार जण एकदम बोलू लागले, आणि त्या गोंगाटात कोणाचं काही ऐकू येईना, तेव्हा ज्योत्स्नानं खिडकी बंद करण्याच्या निमित्तानं पाठ फिरवली.

इथंच गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण अकोल्याची कार्यशाळा राहिली होती.

खुर्च्या भरायला म्हणून सगळ्या छात्राध्यापिकांना बडनेऱ्याहून गाडीनं अकोल्याला नेलं. सभागृहात दोनेकशे शिक्षक होते. विपुल सरांनी पडद्यावर आलेख लावला. सरासरी सहासष्ट. मुलांची संख्या तेवीस. शेजारी तो हात वर केलेला फोटो, आणि फोटोत अठ्ठावीस हात. ज्योत्स्नानं ते मोजले. आचलचा हात दुसऱ्या ओळीत होता. कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलं होतं, माहिती संकलन : कु. ज्योत्स्ना रायबोले. आपलं नाव तिथं पाहून तिच्या अंगावर पाल पडल्यासारखं झालं.

शंका विचारा म्हटल्यावर ती उभी राहिली. प्राजक्तानं तिच्या ओढणीचा काठ धरला होता, तो तिनं सोडवून घेतला.

“सर, वर्गात अठ्ठावीस मुलं आहेत. बाकीची पाच कुठं गेली?”

विपुल सरांनी शांतपणे सांगितलं की ती मुलं नियमित नव्हती. ज्योत्स्ना म्हणाली, हजेरी मी घेत होते, सर. पाचांपैकी चौघं एकही दिवस चुकली नाहीत, आणि पाचवी काही दिवस आली नाही ती याच पोपटामुळं. मग तिनं पंख्याचं सांगितलं. सभागृहात हशा पिकला. तो तिच्या बाजूचा नव्हता आणि विरुद्धही नव्हता, कंटाळलेल्या माणसांना मिळालेली करमणूक होती. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी माइक घेतला, चर्चा उद्बोधक झाली असं म्हटलं आणि जेवणाची सूचना दिली. विपुल सर तिच्या शेजारून गेले तेव्हा थांबले नाहीत.

जेवणात पुरी, श्रीखंड आणि वांग्याची भाजी होती. दोनशे माणसं ताटं घेऊन सावलीत उभी होती, बोटं चाटत होती, बदल्यांच्या गप्पा मारत होती. ज्योत्स्नाला त्या श्रीखंडाकडे बघवेना. प्राजक्ता दूर जाऊन बसली होती. तेवढ्यात धोतर नाही पण टोपी असलेले एक जुने शिक्षक ताट घेऊन तिच्यापाशी आले. महादेवराव सोनोने, अकोटाकडचे, निवृत्तीला एक वर्ष राहिलेलं. त्यांच्या शाळेतही तो पोपट तीन महिन्यांपासून होता.

त्यांनी आधी इकडंतिकडं पाहिलं. “पोरी, माह्या वर्गातले दोन पोट्टे वाचाले उठतच नाहीत. मी त्याइले आळशी म्हनलं. सगळ्यांसमोर म्हनलं. तू थे पंख्याचं सांगितलं, थे दाखवतं का मले?”

मांडवाच्या कडेला मोठा कूलर घरघरत होता. ज्योत्स्नानं मोबाइलवर अ‍ॅप पुन्हा उतरवून घेतलं आणि कूलरपुढं धरलं. पोपटानं ऐकलं. अठ्ठेचाळीस, आणि पंख फडफडले. मग महादेवरावांनी स्वतः वाचलं, चौतीस वर्षं मराठी शिकवलेल्या आवाजात, एकही शब्द न अडखळता. पोपटाची मान खाली गेली आणि निळे थेंब गळू लागले. म्हाताऱ्यानं पडद्याकडे पाहिलं. मग अर्धं भरलेलं ताट त्यांनी भांड्यांच्या टबात ठेवलं, हात धुतले आणि ते बसस्टँडकडे निघाले. दुपारचं सत्र व्हायचं होतं, हजेरीची सही राहिली होती, पण ते मागं फिरले नाहीत.

निकालात ज्योत्स्नाला त्या कामाला वर्गात सगळ्यात कमी गुण पडले. फाईल ‘अपूर्ण’ असा शेरा मारून परत आली, कारण पाच साधनांपैकी चारांबद्दल तिनं ती का फेकली एवढंच लिहिलं होतं. प्राजक्तानं दुकानातून आणलेल्या फाईलला अठ्ठ्याऐंशी मिळाले. वाचनमिठू अजून कितीतरी शाळांत आहे. आचल आता आठवीत आहे. ‘ळ’ तिला येतो, पेपरात ती तो लिहिते, आणि मैदानात शायाच म्हणते. वीटभट्टीवरची भावंडं हंगाम संपल्यावर कुठं गेली ते शाळेला माहीत नाही.

ज्योत्स्ना सध्या अकोल्याच्या एका खाजगी शाळेत तासिकेवर मराठी शिकवते. तिथंही महिन्याला एखादं नवं साधन येतं, कंपनीचा माणूस टाय लावून येतो, बिस्किटं वाटतो आणि मुलं कशी झपाट्यानं सुधारतील ते सांगतो. बाकीचे शिक्षक सह्या करून मोकळे होतात. तिला या सभांना बसवत नाही, तरी ती बसते, कारण ती नसली की साधन दुसऱ्याच दिवशी वर्गात येतं. गेल्या महिन्यात असाच एक माणूस इंग्रजी संभाषणाचं काही घेऊन आला होता. त्याचं बोलून झाल्यावर ज्योत्स्नानं त्याला विचारलं, हे बनवताना तुम्ही कुणाकुणाचे आवाज ऐकले? त्याला प्रश्न कळला नाही. तो म्हणाला, मॅडम, सगळं ऑटोमॅटिक आहे. तिनं प्रश्न पुन्हा विचारला, सावकाश, या वेळी वऱ्हाडीत. मुख्याध्यापिकांनी घड्याळाकडे पाहिलं. तो माणूस बॅगेतून दुसरं माहितीपत्रक काढू लागला आणि ज्योत्स्ना उत्तराची वाट पाहत उभी राहिली.